शेतघराचा अर्धा भाग, भाडं 1,450 युरो: बेर्खाइकमधल्या एका भाडेकराराचं प्रकरण

नेदरलँड्समध्ये नोकरी लागलेला मराठी माणूस घर शोधायला बसतो तेव्हा त्याच्या नकाशावर ॲमस्टरडॅम, युट्रेख्त आणि फार तर आइंडहोव्हन एवढीच नावं असतात. हे प्रकरण त्या नकाशाच्या बाहेरचं आहे. नॉर्ड-ब्राबांट प्रांताच्या दक्षिण टोकाला, बेल्जियमच्या सीमेला लागून बेर्खाइक नावाची खेमेंते, म्हणजे पालिका आहे. बेर्खाइक, लाउक्सखेस्टेल, रीटहोव्हन आणि वेस्टरहोव्हन अशा चार छोट्या पालिका 1997 साली एकत्र करून ती झाली. लोकवस्ती एकोणीस हजारांच्या घरात. मक्याची शेतं, गोठे, पाइनची रानं, रविवारी चर्चची घंटा. वास्तुकलेत रस असलेल्यांना गावाचं नाव ठाऊक असतं ते 'डे प्लूख' या विणकाम गिरणीमुळे. खेरिट रीटवेल्डने 1950 च्या दशकात तिची इमारत रचली आणि मीन राउस यांनी भोवतीची बाग. रेल्वे मात्र नाही. गाडी धरायची तर आइंडहोव्हन गाठावं लागतं.

ज्या जोडप्याची ही गोष्ट, ते नाशिकचं. नवरा-बायको आणि चार वर्षांची मुलगी. नावं देत नाही, घरमालकिणीचं आणि एजंटचंही नाही. तो आइंडहोव्हनला लागून असलेल्या वेल्डहोव्हनला चिप-यंत्रांच्या क्षेत्रातल्या एका कंपनीत लागला होता. ती नाशिकला इंटिरियरची कामं करायची. पर्समध्ये मोजपट्टी बाळगणारी बाई. त्या मोजपट्टीचं पुढे काम पडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी आइंडहोव्हनला राहतो, डच वाचता येतं, म्हणून कागद माझ्याकडे आले आणि प्रकरण सुरुवातीपासून पाहायला मिळालं.

गावात यायचं कारण

शांतता हवी म्हणून कोणी बेर्खाइकला जात नाही. शांतता तिथे गेल्यावर आवडते, ती गोष्ट वेगळी. कारण साधं होतं: वेल्डहोव्हन आणि आइंडहोव्हनमध्ये घर मिळेना. चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या एएसएमएल कंपनीचं मुख्यालय वेल्डहोव्हनला आहे. ती कंपनी आणि तिच्या आजूबाजूचे पुरवठादार वाढत गेले, जगभरातून माणसं आली, घरं त्या वेगाने बांधली गेली नाहीत. एका फ्लॅटमागे अर्जांची रांग, आणि नुकताच उतरलेला, डच पगारपत्रक हातात नसलेला माणूस त्या रांगेत शेवटी.

"कॉर्पोरेशनचं घर का नाही घेत?" असं भारतातले नातेवाईक विचारतात, कारण इथे सरकारी भाड्याची स्वस्त घरं असतात हे त्यांनी ऐकलेलं असतं. देशातल्या भाड्याच्या घरांपैकी बहुसंख्य घरं खरोखरच वोनिंगकॉर्पोरेशन नावाच्या ना-नफा संस्थांची आहेत. पण त्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. 2025 साली एकट्या माणसासाठी ती वर्षाला 49,669 युरो होती आणि कुटुंबासाठी 54,847. तिशी ओलांडलेल्या माणसाला उच्चकुशल स्थलांतरिताचा परवाना मिळायला त्याच वर्षी महिन्याला किमान 5,688 युरो पगार लागत होता. बाराने गुणून पाहा. ज्या पगारामुळे देशात पाय ठेवता येतो, त्याच पगारामुळे ही घरं हातची जातात. शिवाय कॉर्पोरेशनच्या यादीत वर्षानुवर्षं नाव असलेली मंडळी पुढे असतात, ते निराळंच.

उरतो खाजगी भाडेबाजार, आणि गावाकडे तो अगदी लहान असतो. खेड्यातली बरीचशी घरं राहणाऱ्यांच्या मालकीची, उरलेली बहुतेक कॉर्पोरेशनची. खाजगी मालकाची चार-दोन घरं असतात ती संकेतस्थळांवर येण्याआधीच तोंडी फिरतात.

पहिला पर्याय आला तो पर्यटन-पार्कमधल्या लाकडी शॅलेचा, म्हणजे सुट्टीसाठी बांधलेल्या छोट्या घराचा. भाडं बरं, भोवती झाडं, मुलीला घसरगुंडी. एजंटचं म्हणणं, "कायम राहायला हरकत नाही, फक्त पत्ता नोंदवू नका." अशी जागा का नाकारायची ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पार्कमधल्या घराला पालिकेच्या जमीनवापर आराखड्यात 'सुट्टीतला निवास' एवढाच उपयोग दिलेला असतो. तिथे बारमाही राहणं हा आराखड्याचा भंग, आणि पालिका दंडाच्या धमकीनिशी घर सोडायला लावू शकते. पण नागरिक नोंदणीचा कायदा स्वतंत्र आहे. चार महिन्यांपेक्षा जास्त राहायला आलेल्याने पाच दिवसांत पालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा असतो, आणि माणूस प्रत्यक्ष जिथे राहतो तो पत्ता नोंदवायला पालिका बांधील असते, तिथे राहण्याची परवानगी असो वा नसो. म्हणजे नोंदणी केलीत तर तुम्ही स्वतःच पालिकेला कळवलंत की आम्ही इथे बेकायदा राहतो. केली नाहीत तर बीएसएन, म्हणजे नागरिक क्रमांक नाही, आणि बीएसएन नाही तर बँक, विमा, पगार सगळंच अडतं. "पत्ता नोंदवू नका" हे वाक्य कानावर पडलं की तिथून निघावं. ते निघाले.

दुसरं घर त्याच्या ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्याने सुचवलं. त्याच्या ओळखीच्या एका आजींचं जुनं शेतघर होतं, केम्पन या आसपासच्या भागात असतात तसं लांबलचक, लांब बाजू रस्त्याकडे असलेलं, एका टोकाला पूर्वीचा गोठा. नवरा वारल्यावर आजींनी गोठ्याकडचा अर्धा भाग वेगळा करून घेतला होता. स्वतंत्र दार, स्वतंत्र घरक्रमांक, मागे बागेचा तुकडा. आजी उरलेल्या अर्ध्यात राहायच्या. दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच अंगणात उघडायच्या. या खिडक्या लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा पेच त्यांच्यातून निर्माण होतो.

करार

आजींनी व्यवहार एका माकेलारकडे, म्हणजे इस्टेट एजंटकडे सोपवला होता. त्याने पाठवलेल्या मसुद्यात भाडं 1,450 युरो, मुदत एक वर्ष, अनामत तीन महिन्यांची, एजंटची फी एक महिन्याचं भाडं आणि 'सेवाशुल्क' 60 युरो.

मसुदा वाचून मी खुणा करत गेलो. मुदतीचा मुद्दा सगळ्यांत मोठा. 1 जुलै 2024 पासून नेदरलँड्समध्ये भाडेकरार बेमुदतच असायला हवा असा कायदा आहे. मुदतीच्या कराराला थोडेच अपवाद: बाहेरगावचे विद्यार्थी, घराचं नूतनीकरण चालू असल्याने तात्पुरते हलवलेले लोक, आणीबाणीच्या परिस्थितीतले लोक आणि असेच काही. परदेशातून नोकरीला आलेला माणूस त्या यादीत नाही. एजंटांना वाटतं की 'एक्सपॅट' म्हटलं की वर्षाचा करार आपोआप चालतो. तो चालत नाही. मालक स्वतः काही काळाने घरी परतणार असेल तर वेगळं कलम आहे, पण आजी कुठे गेल्याच नव्हत्या, शेजारीच राहत होत्या.

अनामत दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, हे 1 जुलै 2023 पासून. एजंट मालकाने नेमलेला असेल तर त्याची फी भाडेकरूकडून घेता येत नाही. सेवाशुल्कातल्या 60 युरोंमध्ये मालमत्ता कराचा वाटा धरला होता. तो कर मालकाने भरायचा. राहणाऱ्याच्या वाट्याला कचऱ्याचं शुल्क आणि जलमंडळाचा कर येतो, आणि त्याचं पत्रक थेट त्याच्याच नावाने येतं.

हे चारही मुद्दे एका इमेलवर सुटले. एजंटने फारशी खळखळ केली नाही, त्यावरूनच मला शंका आली की पाचवा मुद्दा याहून मोठा असणार.

मधे एक गोष्ट सांगतो, कारण नाशिकहून आलेल्या माणसाला ती ठाऊक नसते. इथे 'उघडं' घर भाड्याने देतात तेव्हा ते अक्षरशः उघडं असतं. पडदे नाहीत, दिव्यांचे होल्डर नाहीत आणि जमिनीवर फरशीसुद्धा नाही, नुसता सिमेंटचा कोबा. आधीचा भाडेकरू लॅमिनेट उचकटून घेऊन गेलेला असतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बाईंनी घर पाहायला जातानाच हे विचारून घेतलं. आजींनी लाकडी जमीन आणि पडदे ठेवले होते, त्यामुळे तो खर्च वाचला.

1 मार्च 2025 पासून करार सुरू झाला. भाडं 1,450 युरोच राहिलं.

एकशे अठ्ठ्याऐंशी पॉइंट

डच भाडेबाजारात घराची किंमत ठरवायला पॉइंट मोजतात. ही पद्धत जुनी आहे, पण पूर्वी तिचा फास फक्त खालच्या भाड्याच्या घरांना बसायचा. 1 जुलै 2024 च्या 'परवडणाऱ्या भाड्या'च्या कायद्याने तो मधल्या गटापर्यंत ओढला. 143 पॉइंटपर्यंत घर खालच्या गटात, 144 ते 186 मधल्या गटात, आणि 187 पासून पुढे मोकळा बाजार. 2025 साली खालच्या गटाची सीमा 900.07 युरो होती आणि मधल्या गटाची 1,184.82. घर 186 पॉइंटचं असेल तर महिन्याला यापुढे एक युरोही मागता येत नाही. 187 झाले की मालक मागेल ते भाडं. एका पॉइंटवर सगळं फिरतं, आणि जिथे असं फिरतं तिथे मोजणाऱ्याचा हात जरा सैल होतो.

1 जानेवारी 2025 पासून नव्या कराराला पॉइंटांचा हिशेब जोडणं मालकावर बंधनकारक आहे. एजंटने तो जोडला होता. एकूण 188.

मला आकडा पाहूनच हसू आलं. एवढा नेमका सीमेच्या पलीकडे पडणारा हिशेब तपासून पाहिल्याशिवाय सोडायचा नसतो. बाईंनी मोजपट्टी काढली.

खोल्या, म्हणजे बैठक, स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर मिळून 80 चौरस मीटर. दर चौरस मीटरला एक पॉइंट, म्हणून 80. मागची सामानाची खोली 8 चौरस मीटर. अशा जागेला मीटरमागे पाऊण पॉइंट, म्हणून 6. गरम होणाऱ्या पाच खोल्या, प्रत्येकी दोन, म्हणून 10. स्वयंपाकघराचा ओटा दोन मीटरहून लांब, 7. संडास, शॉवर आणि बेसिन मिळून 8. बागेला 15, कारण बाहेरच्या खाजगी जागेला त्याहून जास्त देत नाहीत. पालिकेने ठरवलेल्या घराच्या किमतीवरून 40. इथपर्यंत एजंटचे आणि बाईंचे आकडे जुळले.

फरक दोन ठिकाणी निघाला. पहिला माळा. 20 चौरस मीटरचा माळा एजंटने पूर्ण खोली म्हणून धरला होता, 20 पॉइंट, आणि तिथे एक विजेचा हीटर ठेवलेला म्हणून 'गरम होणारी खोली' असे आणखी 2. पण माळ्यावर जायला पक्का जिना नव्हता. छतातून ओढून खाली घ्यायची घडीची शिडी होती. अशी शिडी असलेला माळा खोली धरत नाहीत. तो सामानाच्या जागेत जातो, मीटरमागे पाऊण पॉइंट, आणि वर शिडीसाठी 5 पॉइंट कापतात. पंधरातून पाच गेले, राहिले 10. हीटरचे दोनही गेले.

दुसरा फरक ऊर्जा-लेबलचा, म्हणजे घर किती कमी ऊर्जेत गरम राहतं याच्या श्रेणीचा. घराला एफ लेबल होतं, जाड भिंती असल्या तरी खिडक्यांना एकेरी काच. नव्या कायद्यात ई, एफ आणि जी लेबलला वजा पॉइंट आहेत, एफला वजा 9. एजंटच्या तक्त्यात त्या रकान्यात शून्य होतं. विचारल्यावर त्याने सांगितलं, घर जुनं आहे, वारसा वास्तू आहे, तिला वजा पॉइंट लागत नाहीत. यात अर्धं सत्य होतं. नोंदलेल्या वारसा वास्तूला वजा पॉइंट लागत नाहीत, उलट भाड्यात वाढ मिळते: राष्ट्रीय यादीतल्या वास्तूला 35 टक्के, पालिकेच्या यादीतल्या वास्तूला 15. पण जुनं असणं आणि यादीत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आजींचं घर शंभर वर्षांहून जुनं होतं आणि कुठल्याही यादीत नव्हतं. पालिकेत फोन केल्यावर लगेच कळलं.

बेरीज झाली 167. घर मधल्या गटातलं, आणि 2025 च्या तक्त्याप्रमाणे कमाल भाडं 1,060 युरोच्या आसपास. दरमहा जवळजवळ 390 युरो जास्त जात होते.

एकाच अंगणात

कायद्याच्या दृष्टीने यापुढचं सोपं होतं. भाडं मोकळ्या बाजाराच्या दराने लावलेलं असेल तर करार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ह्यूरकॉमिसी या भाडे-लवादाकडे सुरुवातीचं भाडं तपासून घेता येतं. भाडेकरूला 25 युरो भरावे लागतात, जिंकलात तर परत मिळतात. लवादाचा माणूस घर मोजून जातो, आणि भाडं कमी झालं तर ते कराराच्या पहिल्या दिवसापासून कमी धरतात. ॲमस्टरडॅमच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारा भाडेकरू, ज्याचा मालक कुठल्याशा गुंतवणूक कंपनीत बसलेला आहे, तो हा अर्ज चहा पिता पिता भरून टाकतो.

बेर्खाइकमध्ये मालकीण समोरच्या खिडकीत बटाटे सोलत असते.

या आजींनी पहिल्या आठवड्यात ब्राबांटची ती सॉसेज घातलेली पावाची गुंडाळी आणून दिली होती. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर त्या हिरमुसल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी कोंबड्यांची अंडी घेऊन आल्या. मुलीला त्यांनी वासराला बाटलीने दूध पाजायला शिकवलं. गल्लीच्या शेजार-मंडळात त्यांनीच या तिघांची ओळख करून दिली. कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा, फेब्रुवारीच्या मध्यानंतर शेतात शेणखत सोडतात तेव्हा कपडे बाहेर का वाळत घालायचे नाहीत, हे सगळं त्यांनी सांगितलं. अशा बाईविरुद्ध लवादात जायचं?

घरात दोन मतं झाली. तो म्हणे, "अगं, राहू दे. तीनशे-चारशे युरोंसाठी शेजार बिघडवायचा का? उद्या त्या बोलायच्या बंद झाल्या तर इथे आपल्याला दुसरं कोण आहे?" ती म्हणे, "अरे, वर्षाला साडेचार हजार होतात. आणि त्यांना माहीत तरी आहे का, की एजंटने चुकीचं मोजलंय?"

तिचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. भारतात आपण भाडं हे दोन माणसांमधलं बोलणं समजतो: त्याने मागितलं, आपण घासाघीस केली, पटलं, विषय संपला. 'शब्द दिल्यावर' मागे फिरणं आपल्याला अप्रामाणिकपणाचं वाटतं, आणि नवऱ्याच्या संकोचात हेही होतंच. डच कायदा तसं पाहत नाही. कमाल भाडं घराला चिकटलेलं असतं, माणसांच्या पटण्या-न पटण्याला नाही. दोघांनी राजीखुशीने 1,450 वर सही केली तरी घर 167 पॉइंटचंच राहतं. शिवाय 2025 पासून पालिकेलाही यात हात घालता येतो आणि ती मालकाला दंड करू शकते. म्हणजे गप्प राहिल्याने आजी सुरक्षित होत नव्हत्या. उद्या दुसऱ्या कुणी विषय काढला असता तर भुर्दंड त्यांनाच पडला असता, एजंटला नाही. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत उपयोगी विचार हाच. भाडेकरूने हक्क मागितला की शेजारधर्म मोडतो असं नाही. न मागताही धोका आजींच्याच डोक्यावर होता.

प्रत्येक पालिकेत घरमालकांविषयी तक्रार घ्यायची एक खिडकी असते, 2024 पासून ती सक्तीची आहे. तिकडे जायचा विचार बाईंनी लगेच सोडून दिला. एवढ्याशा गावात तक्रार घेणारा माणूस आजींच्या भाच्याबरोबर फुटबॉल खेळत असायची शक्यता ॲमस्टरडॅमपेक्षा बरीच जास्त. नियमाने तो गुप्तता पाळतो, पाळेलही. पण गावात राहताना नुसत्या शक्यतेचंही ओझं होतं.

जूनमध्ये बाईंनी आजींना चहाला बोलावलं आणि कागद टेबलावर ठेवले. एजंटचा तक्ता, स्वतःचा तक्ता, माळ्याच्या शिडीचा फोटो. 'तुम्ही जास्त घेता' असं वाक्य कुठेही नव्हतं. बोलणं एजंटने केलेल्या मोजणीबद्दल होतं. आजींनी चष्मा लावून सगळं वाचलं, शिडीचा फोटो दोनदा पाहिला आणि म्हणाल्या की एजंटने त्यांच्याकडून याच मोजणीचे पैसे घेतलेत. त्यानंतर जे बोलल्या ते कठीण होतं: एवढ्यात परवडत नसेल तर विकूनच टाकते.

ही धमकी नव्हती. 2024 नंतर नेदरलँड्समध्ये कितीतरी लहान मालकांनी हाच हिशेब केला. कमाल भाडं खाली आलं, गुंतवणुकीवरचा कर वर गेला, म्हणून भाडेकरू गेला की घर विकायचं. कायद्याने भाडं स्वस्त झालं, पण बाजारातली भाड्याची घरं कमी झाली. जे आधीच घरात आहेत त्यांना फायदा, जे अजून शोधतायत त्यांना तोटा. हे जोडपं नुकतंच दुसऱ्या रांगेतून पहिल्या रांगेत आलं होतं, त्यामुळे त्यांना दोन्ही बाजू दिसत होत्या. त्यांच्यापुरतं भ्यायचं कारण नव्हतं, कारण घर विकलं तरी भाडेकरार मोडत नाही, नवा मालक जुन्या करारासकट घर घेतो. आणि कुणी राहत असलेल्या घराला किंमत कमी येते हे आजींनाही ठाऊक होतं.

एजंटने मात्र पाय रोवले. माळा खोलीच आहे, शिडी 'जिन्यासारखीच' आहे, आणि भाडेकरूंनी सही केलेली आहे, असं त्याचं उत्तर आलं. जुलै असाच गेला. आजी म्हणायच्या, एजंटला विचारते. एजंट म्हणायचा, आजी सुट्टीवर आहेत. त्या कुठेही गेलेल्या नव्हत्या, बागेत घेवडा तोडताना रोज दिसायच्या.

माझं मत होतं की अर्ज जूनमध्येच टाकायला हवा होता. सहा महिन्यांची मुदत ऑगस्टअखेर संपत होती आणि ती चुकली असती तर हातात फारसं काही राहिलं नसतं. बाईंनी ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबायचं ठरवलं, आणि अर्ज टाकायच्या आदल्या संध्याकाळी स्वतः आजींच्या दारात जाऊन सांगितलं की उद्या आम्ही अर्ज करतोय, तारीख निघून जाईल म्हणून, बोलणं चालूच ठेवू. मला हा उशीर धोक्याचा वाटला होता, आजही वाटतो. पण लवादाचं पत्र पोस्टाने अचानक हातात पडणं आणि समोर उभं राहून कुणी आधी सांगणं यात आजींच्या लेखी काय फरक होता, ते पुढच्या महिन्यात दिसलं.

निकालाआधीची तडजोड

लवादाकडून आजींना पत्र आलं तेव्हा त्यांच्या मुलाने प्रकरण हातात घेतलं. तो शेजारच्या गावात दुभत्या गाईंचा गोठा चालवतो. नियम, अनुदानं आणि तपासनीस यांच्याशी रोजचा संबंध असल्याने त्याला तक्ता वाचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. शिडी पाहायला तो वर गेलासुद्धा नाही. लहानपणी त्या शिडीवरून पडला होता म्हणे.

सप्टेंबरमध्ये त्यांच्यात लेखी ठरलं ते असं. भाडं 1 मार्चपासूनच 1,060 युरो धरायचं. जास्त गेलेले सुमारे सत्तावीसशे युरो रोख परत न देता पुढच्या भाड्यातून वळते करायचे, कारण आजींकडे एकदम देण्याजोगी शिल्लक नव्हती. अनामतही नव्या भाड्याच्या दुपटीपर्यंत खाली आणायची. हे कागदावर आल्यावर जोडप्याने लवादातला अर्ज मागे घेतला. एजंटला दिलेली मोजणीची फी परत मागायचं काम मुलगा करतोय.

मधल्या काळात आयुष्य अडून बसलं नव्हतं. बस विरळ आणि संध्याकाळनंतर त्याहून कमी, त्यामुळे गाडीशिवाय गावात निभत नाही. भारतीय परवान्यावर नोंदणीनंतर 185 दिवस गाडी चालवता येते. परदेशातून आणलेल्या कुशल नोकरदारांसाठीच्या 30 टक्के करसवलतीचा निर्णय त्याला मिळालेला असल्याने दोघांनाही परीक्षा न देता डच परवाना बदलून मिळाला, पालिकेच्याच खिडकीवर अर्ज देऊन. ज्यांना ती सवलत नाही त्यांना लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागते. गावात घर घ्यायच्या आधी हे तपासून पाहावं, भाड्याइतकंच. तो मात्र पाऊस नसेल तेव्हा वेल्डहोव्हनपर्यंतचे बारा-तेरा किलोमीटर बॅटरीच्या सायकलनेच जातो.

आता विषय खिडक्यांचा आहे. एकेरी काचांमुळे पहिल्या थंडीतच गॅसचं बिल अंगावर आलं. मुलाने दुहेरी काचांचा आणि छताला आतून थर देण्याचा अंदाज काढून आणलाय. लेबल सुधारून सी किंवा डी झालं तर वजा पॉइंट जातात आणि अधिक पॉइंट येतात, म्हणजे कमाल भाडंही वर सरकतं. सरकारने वजा पॉइंट ठेवले ते यासाठीच. पण सुधारणेपोटी चालू भाडेकरूचं भाडं किती वाढवायचं हे दोन्ही बाजूंनी आधी ठरवावं लागतं, आणि वाढ झालेल्या खर्चाच्या प्रमाणात असावी लागते. मुलाने महिन्याला 110 युरो सुचवलेत. बाईंनी गेल्या वर्षीचं गॅसचं बिल काढून काचांमुळे वाचणारी रक्कम 70 च्या आसपास धरली आहे, आणि त्या 80 पर्यंत जायला तयार आहेत. माळ्याला पक्का जिना बसवायचा का, हा प्रश्नही त्याच कागदावर शेवटच्या ओळीत आहे. जिना बसला तर तो माळा खरंच खोलीत धरता येईल, आणि मुलीला तो हवाच आहे. काचांचं काम एप्रिलमध्ये धरलंय. मुलाचं उत्तर अजून यायचं आहे.